ऊसतोड स्थलांतरावर पीएच.डी. करायची आहे, हातात तीन पर्याय: निवड कशी करावी?

चौथीसीट

एम.ए. (अर्थशास्त्र) मुंबईतूनच झालंय, नेट-जेआरएफ (यूजीसीची संशोधन शिष्यवृत्ती) आहे. बीड-जालन्याकडून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणारे ऊसतोड मजूर आणि त्यामागचा उचलीचा (हंगामाआधी मिळणाऱ्या आगाऊ रकमेचा) व्यवहार, हा विषय पक्का आहे.

पर्याय तीन. एक, अमेरिकेतल्या राज्य विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग: पाच वर्षांचं फंडिंग, रँकिंग बरं, पण भारतावर काम करणारं कुणी नाही. दोन, तिथल्याच दुसऱ्या एका विद्यापीठाचा कृषी व उपयोजित अर्थशास्त्र विभाग: यादीत बराच खाली, पण तिथे एक प्राध्यापक ग्रामीण पतपुरवठ्यावर काम करतात. तीन, मुंबईत राहणं. एका विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी तोंडी होकार दिलाय, शिवाय आयजीआयडीआर (इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था) आणि आयआयटीचे अर्ज भरायचे आहेत. अमेरिकेला १५ एप्रिलपर्यंत कळवायचंय आणि इथल्या मुलाखती त्यानंतर.

कुणी म्हणतं रँकिंग बघ, कुणी म्हणतं गाईड बघ. बघायचं म्हणजे नेमकं काय तपासायचं? डोंबिवलीत घरी राहून करायचं की नाही हा मुद्दा कृपया सोडा, तो वाद आईशी स्वतंत्र चालू आहे.

अवशेषपद

ऊसतोड स्थलांतर हा विषय झाला, प्रश्न अजून ठरलेला दिसत नाही. विभाग निवडायचा तो प्रश्नावरून. याच विषयातून निदान तीन वेगळे प्रबंध निघतात आणि तिन्हींना लागणारी माणसं वेगळी आहेत.

एक बघा. हंगामाआधी मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा मध्यस्थ, एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल देतो. तोडणीची मजुरी त्यातून वळती होते, फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. कारखाना थेट मजूर न नेमता मुकादम मध्ये का घालतो? उचल बुडण्याची जोखीम शेवटी कुणाच्या अंगावर येते? उचल वाढली की प्रत्यक्ष हाती पडणारी मजुरी दबते का? कर्ज आणि श्रम एकाच करारात बांधलेले असतात तेव्हाचा हा प्रश्न आहे. त्याला करार सिद्धांत आणि गेम थिअरी लागते, आणि ती शिकवणारा नुसता असून भागत नाही, त्यात आजही लिहिणारा माणूस लागतो.

दुसरा प्रबंध परिणामांचा. आईबाप फडावर गेल्यावर मुलांची शाळा सुटते का, गावात हंगामी वसतिगृह असलं तर फरक पडतो का. इथे सिद्धांत थोडका, पण कार्यकारणभाव सिद्ध करायची इकॉनोमेट्रिक्स (अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र) पक्की हवी, आणि डेटा हवा.

तिसरा संस्थांचा: सहकारी साखर कारखाना, मुकादम, मजूर संघटना, दराचे करार, शासनाचं महामंडळ. याला कारखान्यांचे वार्षिक अहवाल, करारांच्या प्रती, मराठी दप्तर वाचावं लागतं. अमेरिकेतल्या सरासरी अर्थशास्त्र विभागात असा प्रबंध पुढे सरकणं अवघड. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), त्रिवेंद्रमचं सीडीएस (विकास अध्ययन केंद्र) इथे त्याला परंपरा आहे. गोखले इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ स्वतः प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याच्या उभारणीत होते, तेव्हा ही शाखा महाराष्ट्रात उपरी नाही.

तुमचा प्रश्न कुठला हे कळायला एक सोपा उद्योग करा. 'हा मी लिहायला हवा होता' असं वाटणारे दहा-बारा शोधनिबंध काढा आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावरचे जेईएल संकेतांक (अर्थशास्त्रातल्या विषयवार वर्गीकरणाचे क्रमांक) एका कागदावर उतरवा. डी८६ (करारांचा सिद्धांत) वारंवार आला तर पहिला प्रबंध. जे६१ (श्रमिकांचं भौगोलिक स्थलांतर), ओ१५ (मानवी विकास आणि स्थलांतर) किंवा आय२ (शिक्षण) आले तर दुसरा. एन३५ (आशियाच्या आर्थिक इतिहासातले श्रमिक) किंवा पी१३ (सहकारी उपक्रम) दिसू लागले तर तिसरा. जे४३ आणि क्यू१२ म्हणजे शेतमजुरांचा बाजार आणि शेतकरी कुटुंब. हे दोन कृषी अर्थशास्त्र विभागांत रोजचे असतात, साध्या अर्थशास्त्र विभागात क्वचित.

म्हणून तुमचा दुसरा पर्याय यादीत खाली आहे एवढ्यावर मोडीत काढू नका. अमेरिकेत लँड-ग्रँट (शेती आणि तंत्रशिक्षणासाठी सरकारी जमिनीच्या मदतीने उभ्या राहिलेल्या) विद्यापीठांमध्ये कृषी अर्थशास्त्राचा विभाग वेगळा असतो आणि त्याची गणती अर्थशास्त्राच्या यादीत धड होतच नाही. यूसी डेव्हिस, बर्कली, विस्कॉन्सिन, कॉर्नेल इथले असे विभाग विकास अर्थशास्त्रात नाव राखून आहेत. मात्र एक विचारून घ्या: पहिल्या वर्षाचे मायक्रो आणि इकॉनोमेट्रिक्सचे पेपर अर्थशास्त्र विभागातल्या मुलांबरोबर घ्यायचे, की विभागाचे स्वतःचे हलके पेपर आहेत? हलके असतील तर पुढे पहिल्या प्रकारचा प्रबंध झेपणार नाही.

कलिना_पूल

मुंबईच्या पर्यायाबद्दल. 'तोंडी होकार' याला नियमांत काही अर्थ नाही. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीत प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. शिवाय निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा दोन गोष्टी विचारा: सध्या किती जण नोंदलेले आहेत आणि निवृत्ती कधी. विचारायला संकोच वाटतो, पण होकार मनापासून दिलेला असूनही ज्येष्ठ प्राध्यापकांच्या बाबतीत गाडी नेमकी इथेच अडकते. जागा रिकामी नसली तर विभाग तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकतो, आणि मग विषयही हळूहळू त्या माणसाच्या बाजूला सरकतो.

मग शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) उघडा. मार्गदर्शकाच्या नावाने शोध घ्या, जमा झालेले प्रबंध दिसतील. नोंदणीची आणि पूर्ण झाल्याची तारीख यांचे रकाने असतात, बऱ्याचदा कोरे, पण भरलेले असतील तर वजाबाकी करा. नियमाने किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, महिलांना त्यावर अजून दोन. ही सवलत आहे. एखाद्या मार्गदर्शकाचे सगळेच विद्यार्थी तिच्या टोकाला गेलेले दिसले तर सावध व्हा. प्रबंधांची नुसती शीर्षकं वाचू नका. तिसरं प्रकरण उघडा आणि पद्धत काय वापरली ते बघा. पाच प्रबंधांत तेच टक्केवारीचे तक्ते आणि ची-स्क्वेअर चाचणी असेल, तर तुमच्या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला तिथे मदत मिळणार नाही, माणूस कितीही सज्जन असो.

कोर्सवर्कमध्ये फरक मोठा आहे. नियमाने किमान १२ क्रेडिट पुरतात, त्यातही संशोधन नीतिमत्तेचा पेपर येतो. बरेच विद्यापीठ विभाग त्या किमानावरच थांबतात. आयजीआयडीआर (गोरेगाव, रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली) मायक्रो, मॅक्रो, इकॉनोमेट्रिक्स रीतसर वर्गात बसवून करून घेते आणि मार्गदर्शक त्यानंतर ठरतो. प्रश्न अजून पुरता बसलेला नसेल तर हा क्रम तुमच्या सोयीचा आहे. तिथली पदवी विकास अभ्यास या नावाने मिळते, हे पुढे पात्रतेच्या अर्जात 'संबंधित विषय' म्हणून भरावं लागेल, तेव्हा आधीच माहीत असलेलं बरं.

जेआरएफ हातात आहे म्हणजे इथे तुम्ही कुणाच्या प्रकल्पावर अवलंबून नाही. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, घरभाडे भत्ता वेगळा. फक्त पैसे दरमहा येतील असं धरून चालू नका. हजेरी आणि प्रगतीची कागदपत्रं वर चढायला वेळ लागला की तीन-चार महिन्यांचे एकदम येतात.

नमुनापाहणी

डेटाचं कुणी बोललं नाही म्हणून. दुसऱ्या प्रकारचा प्रबंध तयार आकडेवारीवर करायचा बेत असेल तर प्रवेश घेण्याआधी हे तपासा, नंतर नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४व्या फेरीत (२००७-०८) अल्पकालीन स्थलांतराची व्याख्या होती: गेल्या ३६५ दिवसांत कामासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला. ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. ऊस जास्त असला की लांबतो. म्हणजे तुमचा मजूर बरोबर या रेषेवर बसलेला आहे. पाच महिने गेला तर अल्पकालीन, साडेसहा महिने गेला तर त्या रकान्यातून बाहेर. चांगल्या पावसाच्या वर्षात हंगाम लांबला की आकड्यात स्थलांतर कमी झाल्यासारखं दिसेल! त्यात सगळं कुटुंबच गेलेलं असतं. डिसेंबरात आलेल्या प्रगणकाला कुलूप दिसतं आणि नमुन्यात शेजारचं घर येतं.

पीएलएफएसमध्ये (सरकारची नियतकालिक श्रमबल पाहणी) स्थलांतराचे प्रश्न २०२०-२१च्या फेरीत होते, पण तो टाळेबंदीनंतरचा काळ, तिथून सर्वसाधारण निष्कर्ष काढणं धोक्याचं. एकाच घराला पुन्हा भेट देण्याची पद्धत २०२४च्या अखेरपर्यंत शहरी भागापुरती होती, ग्रामीण नाही. आता दोन्हीकडे आहे, पण लागोपाठ चार महिने, म्हणजे पूर्ण हंगाम त्यात मावत नाही. सीएमआयई या खासगी संस्थेची कुटुंब पाहणी दर चार महिन्यांनी त्याच घरात जाते, पण ती विकत घ्यावी लागते. तेव्हा प्रत्येक विभागाला सरळ विचारा की वर्गणी आहे का आणि ती पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला खुली आहे का. शिवाय अतिगरीब घरं तिच्यात कमी येतात अशी टीका झालेली आहे, आणि तुमचे मजूर नेमके त्याच थरातले.

थोडक्यात, स्वतःची पाहणी करावी लागेल. मग निवडीचा निकष बदलतो: पाहणीला पैसे कुठला विभाग देतो?

वाशी_नाका

अमेरिकेच्या दोन पर्यायांपुरतं लिहितो.

१५ एप्रिल ही तारीख तिथल्या ग्रॅज्युएट स्कूल परिषदेच्या ठरावातून आलेली आहे. ज्या विद्यापीठांनी तो मान्य केला आहे, त्यांना आर्थिक मदतीसह दिलेल्या प्रवेशाचं उत्तर त्याआधी मागता येत नाही. कुणी मार्चमध्ये घाई केली तर नम्रपणे ठरावाकडे बोट दाखवा. युरोपातल्या विद्यापीठांना तो लागू नाही.

पत्रातला स्टायपेंडचा आकडा नऊ महिन्यांचा की बारा हे बघा. नऊचा असेल तर उन्हाळा कशावर काढायचा? ट्यूशन माफ असली तरी 'फी' नावाची वेगळी रक्कम कापतात का, आरोग्य विमा कोण भरतो? पाच वर्षांचं फंडिंग म्हणतात तेव्हा पाचही वर्षं शिकवण्याच्या बदल्यात आहे की एखादं वर्ष मोकळं आहे? क्षेत्रकामासाठी एक सत्र भारतात राहायचं तर त्या सत्राचे पैसे मिळतात का? तुमच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो लेखी विचारा.

प्लेसमेंटचं पान वाचताना हातचं राखून वाचा. विभाग त्यावर झळकवायला योग्य तेवढीच नावं टाकतात. वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांची जुनी पानं जपणारी साइट) त्याच विभागाचं तीन-चार वर्षांपूर्वीचं 'जॉब मार्केट उमेदवार' हे पान काढा, त्यातली नावं आणि प्लेसमेंटची यादी समोरासमोर ठेवा. गळालेली नावं कोणती? विकास किंवा श्रम अर्थशास्त्रातले किती? एका प्राध्यापकाचे विद्यार्थी कुठे गेले हे रेपेकच्या (अर्थशास्त्रज्ञ आणि शोधनिबंधांची ऑनलाइन सूची) जिनिऑलॉजी, म्हणजे गुरू-शिष्य वंशावळीच्या पानावर मिळतं. अर्धवट असतं, पण सुरुवात होते.

दोन्ही विभागांना पदवीचा सीआयपी संकेतांक (अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक) विचारा. ४५.०६०३ (इकॉनोमेट्रिक्स व संख्यात्मक अर्थशास्त्र) 'स्टेम' (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे, ४५.०६०१ (सामान्य अर्थशास्त्र) नाही. पदवीनंतर तिथे काम करायची मुदत १२ महिने की त्यावर आणखी २४, हे त्या आकड्यावर ठरतं. एकाच विद्यापीठात दोन विभागांचे आकडे वेगळे असू शकतात.

चौथीसीट

सगळ्यांचे आभार. जेईएलचा उद्योग केला. बारापैकी सातांवर ओ१५ किंवा जे६१, डी८६ फक्त दोनांवर. म्हणजे दुसरा प्रबंध, आणि स्वतःची पाहणी. ६०० कुटुंबं, हंगामाआधी एकदा आणि नंतर एकदा, असं मनात आहे. अमेरिकेत राहून हे वेळेत बसतं का?

अवशेषपद

बसतं, पण जेमतेम. पहिलं वर्ष मुख्य विषय, त्याच्या शेवटी प्रिलिम, म्हणजे पुढे जाण्यासाठीची पात्रता परीक्षा. साधारण जूनमध्ये पहिली संधी, ऑगस्टमध्ये दुसरी, आणि दोन्ही हुकल्या तर बहुतेक ठिकाणी मास्टर्स देऊन निरोप. दुसरं वर्ष निवडीचे पेपर. म्हणजे पाहणीची पहिली फेरी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, ऑगस्ट-सप्टेंबरात, लोक गावात असतात आणि उचलीचे व्यवहार चालू असतात तेव्हा. दिवाळीनंतर गेलात तर गावात म्हातारी माणसं आणि मुलं भेटतील. दुसरी फेरी मे-जूनमध्ये. चौथं वर्ष विश्लेषण. पाचव्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नोकरीसाठीचा मुख्य निबंध तयार लागतो. यात बदली हंगाम एकच, चौथ्या वर्षातला. दुष्काळ पडला, कारखाने लवकर बंद झाले किंवा नीतिमत्ता समितीची परवानगी सप्टेंबरनंतर आली, तर तो खर्ची पडतो. मजुरांत अल्पवयीन मुलं असतात, त्यामुळे या समितीला वेळ लागतो. अर्ज आदल्या जानेवारीतच घाला.

आता ६०० कुटुंबांचं. एका गावातली कुटुंबं एकमेकांसारखी असतात: तोच मुकादम, तोच पाऊस, तीच शाळा. प्रत्येक गावात २० कुटुंबं घेतलीत, म्हणजे ३० गावं, आणि गावांतर्गत सहसंबंध ०.१ धरला, तर आरेखन परिणाम (या सारखेपणामुळे नमुना किती पटीने कमकुवत होतो तो आकडा) १ + (२० − १) × ०.१ = २.९. म्हणजे ६०० कुटुंबांची माहिती सुमारे २०७ स्वतंत्र कुटुंबांइतकीच. त्याऐवजी ६० गावांत १०-१० घ्या: १ + ९ × ०.१ = १.९, सुमारे ३१६. प्रवासखर्च वाढेल, पण नमुना खरा कामाला येईल. प्रगणक दिवसाला चार मुलाखती करतो असं धरलं तर दोन फेऱ्यांच्या १,२०० मुलाखतींना ३०० प्रगणक-दिवस. मानधन, गाडी, टॅब्लेट यांचा हिशेब यावरून मांडा आणि तो आकडा घेऊन दोन्ही विभागांना विचारा की याच्या किती टक्के मिळू शकतील.

इथे मुंबईचा पर्याय उजवा ठरू शकतो. जुलैत नोंदणी झाली तर दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टला तुम्ही गेवराई किंवा केजला असू शकता, आणि पहिला हंगाम नुसती प्रश्नावली घासून घ्यायला वापरता येतो. देवनारची आयआयपीएस (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम बघते. प्रश्नावली आणि नमुन्याबद्दल बोलायला अशी माणसं लोकलच्या अंतरावर आहेत, ही सोय लहान नाही.

रेषाछेद

किंचित मतभेद. मुंबईत पाहणी लवकर होईल हे खरं, पण ती कोण वाचणार? शोधनिबंधाची कच्ची आवृत्ती दर आठवड्याला फाडून काढणारं चर्चासत्र जिथे आहे तिथे जा. दोन्ही विभागांचं गेल्या वर्षीचं चर्चासत्राचं वेळापत्रक संकेतस्थळावर असतं. विकास किंवा श्रम अर्थशास्त्राचं वेगळं सत्र आहे का, त्यात विद्यार्थ्यांना बोलू देतात का, बघा. आयजीआयडीआरची सत्रं जाहीर असतात, १५ एप्रिलच्या आत एकदा फिल्म सिटी रोडला जाऊन मागे बसून ऐका.

आणि एकाच प्राध्यापकासाठी दुसरा पर्याय घेऊ नका. प्रबंधाच्या समितीत तीन-चार लोक लागतात. तो एक माणूस उद्या विद्यापीठ सोडून गेला तर मागे कोण उरतं, त्यांची नावं लिहून बघा. दोन नावं लिहिता आली तर ठीक.

वाशी_नाका

त्या प्राध्यापकांना ईमेल करताना 'मला तुमच्या कामात रस आहे' लिहू नका, तसली रोज वीस येतात. चार ओळी पुरे: प्रश्न एका वाक्यात, पाहणीचा आराखडा एका वाक्यात (६० गावं, १० कुटुंबं, दोन फेऱ्या), आणि दोनच विचारणा. येत्या तीन वर्षांत दीर्घ रजेवर जाणार आहात का, आणि तुमच्या मागच्या विद्यार्थ्याने क्षेत्रकामाचे पैसे कुठून उभे केले? दुसऱ्याचं उत्तर आलं की त्या विद्यार्थ्यालाच लिहा. चौथ्या-पाचव्या वर्षातली मुलं फोनवर मोकळं बोलतात, ईमेलवर नाही. त्यांना हेही विचारा की तुमच्या तुकडीतले किती जण दुसऱ्या वर्षापर्यंत टिकले.

कलिना_पूल

आणि हे सगळं चालू असताना इथले अर्ज थांबवू नका. नेटच्या नव्या पद्धतीत फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र झालेल्यांचे गुण एक वर्षच चालतात आणि त्यांना ७० टक्के भार असतो. तुम्ही जेआरएफवाल्या, तुमची निवड मुलाखतीवर. मुलाखतीत जेईएल वगैरे कुणी विचारणार नाही, पण '६० गावं कशी निवडणार' हे विचारतील. साखर आयुक्तालय पुण्यात आहे, कारखानानिहाय गाळपाची माहिती तिथून मिळते का ते आधी बघून जा.